विश्लेषण : आफ्रिकेतील पीएचडीचा विद्यार्थी लोणारला संशोधनासाठी कसा येऊ शकतो? खर्च कोण करते आणि परवानगी कोण देते?

केनियातील नाकुरू, बोगोरिया किंवा मागाडी या खाऱ्या सरोवरांवर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला आपले निष्कर्ष दुसऱ्या एखाद्या तशाच पाण्याशी ताडून पाहायचे असतील, तर भारतात त्याला बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे नाव घ्यावेच लागते. परदेशी विद्यार्थ्याने काही महिने भारतात येऊन संशोधन करावे, त्याचे विमानभाडे आणि राहण्या-जेवणाचा खर्च कोणीतरी उचलावा, अशा योजना आहेत. त्यांतील काही तर खास आफ्रिकेसाठी आहेत. मग लोणारच्या काठावर असे विद्यार्थी सहज का दिसत नाहीत? फेलोशिप मिळण्यापासून सरोवरातील पाण्याची पहिली बाटली भरण्यापर्यंतचा रस्ता कसा आहे, हे यानिमित्ताने समजून घेऊ.

लोणारचे आणि आफ्रिकेचे नाते काय?

लोणारची मोठी ओळख म्हणजे अशनीच्या आघाताने झालेले, तेही बेसॉल्टच्या काळ्या पाषाणातले विवर. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर काठापासूनची खोली दीडशे मीटरच्या आसपास. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेकांना वाटत होते. १९७३ मध्ये अशनी आघाताचे भक्कम पुरावे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. एका पद्धतीने वय येते सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. फरक दहापटीहून अधिक आहे.

दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ त्स्वाइंग नावाचे असेच एक विवर आहे. व्यास सव्वा किलोमीटरच्या आत, वय सुमारे २ लाख २० हजार वर्षे आणि तळाशी खारे तळे. त्स्वाना भाषेत 'त्स्वाइंग' म्हणजे मिठाची जागा. आपल्याकडे लोणारच्या नावाचा संबंध 'लवण' शब्दाशी आणि लवणासुराच्या कथेशी जोडला जातो. दोन खंडांतल्या दोन गावांनी आपापल्या तळ्याला एकच नाव ठेवले म्हणायचे. तेही विवर ज्वालामुखीचे की अशनीचे, हा वाद तिथेही बरीच वर्षे चालला. घानामधील बोसुम्त्वी हे तिसरे उदाहरण. ते बरेच मोठे, साडेदहा किलोमीटर व्यासाचे आहे आणि त्याचे वय सुमारे १० लाख ७० हजार वर्षे आहे. त्स्वाइंग ग्रॅनाइटमध्ये आहे, लोणार बेसॉल्टमध्ये. चंद्र आणि मंगळावरील पृष्ठभाग बऱ्याच अंशी बेसॉल्टचा असल्याने विवरांचा अभ्यास करणाऱ्याला लोणारचे दगड हवेच असतात.

पण आफ्रिकेशी खरे जवळचे नाते आहे ते पाण्याचे. लोणारच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, १० च्या आसपास असतो. पिण्याच्या पाण्याचा तो ७ च्या जवळ असतो. हे माप एका अंकाने वाढले की अल्कता दहापट वाढते, म्हणजे तीन अंकांचा फरक हजारपटीचा झाला. असे पाणी हाताला साबणासारखे बुळबुळीत लागते. त्याला शास्त्रज्ञ 'सोडा सरोवर' म्हणतात. जगातील अशा सरोवरांची सर्वांत प्रसिद्ध रांग पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत आहे. केनियात नाकुरू, बोगोरिया, एल्मेंटाईटा आणि मागाडी, टांझानियात नेट्रॉन, इथिओपियात शाला आणि चिटू ही त्यांतली काही.

लोणारच्या काठी उन्हाळ्यात जमणाऱ्या खारांना जुन्या नोंदींत दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे सापडतात. स्वाहिली भाषेत 'मागाडी' म्हणजे सोडाच. आपल्या पापडखाराचे काम तिकडच्या स्वयंपाकात मागाडी करतो. जाता जाता सांगायचे, तर मागाडी सरोवरातून सोडा काढणारा शंभर वर्षांहून जुना कारखाना २००५ पासून टाटा केमिकल्सच्या ताब्यात आहे. सोड्याच्या व्यापाराने हा धागा केव्हाच जोडला, संशोधनाने अजून पुरता जोडलेला नाही.

अशा पाण्यातही जीवसृष्टी भरपूर असते. स्पिरुलिना नावाने बाजारात विकले जाणारे निळे-हिरवे सूक्ष्मजीव लोणारच्या पाण्यात आहेत आणि केनियातील सरोवरांतही आहेत. तिथले लाखो रोहित पक्षी मुख्यतः त्यांच्यावरच जगतात. चाड सरोवराच्या परिसरात बायका तेच सूक्ष्मजीव गाळून, वाळवून त्याच्या वड्या करतात आणि कालवणात घालतात.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा हे साम्य ठळक झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. नागपूरच्या 'नीरी'ने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढल्याने हॅलोआर्किया गटातील मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसले, असा निष्कर्ष आघारकर संस्थेने काढला. मागाडी आणि नेट्रॉनच्या काठावरचा लालसर रंगही असल्याच जिवांमुळे येतो. आपल्याला जो चमत्कार वाटला, तो मागाडीच्या काठावर राहणाऱ्याला ओळखीचा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा रामसर पाणथळ यादीत समावेश जाहीर झाला. नाकुरू, बोगोरिया आणि एल्मेंटाईटा आधीपासून त्या यादीत आहेत.

'व्हिजिटिंग फेलोशिप' म्हणजे नेमके काय?

शिष्यवृत्ती म्हटली की पूर्ण पदवीचा खर्च डोळ्यांसमोर येतो. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, म्हणजे 'आयसीसीआर'च्या शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला येणारा नायजेरियाचा किंवा सुदानचा विद्यार्थी त्या प्रकारातला. तो प्रवेश इथे घेतो, पदवीही इथली घेतो.

व्हिजिटिंग फेलोशिप वेगळी. यात विद्यार्थ्याची पीएचडीची नोंदणी त्याच्या देशातील विद्यापीठातच राहते. मार्गदर्शक तिकडचा, पदवीही तिकडची. मधले काही महिने तो दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेत येऊन काम करतो आणि परत जाऊन प्रबंध पूर्ण करतो. दोन्हीकडे घरचे काम, मध्ये परदेशातला तुकडा, म्हणून या प्रकाराला 'सँडविच' फेलोशिप असेही नाव पडले आहे. ज्या देशातला विद्यार्थी, त्या देशाला तो परत मिळावा, हा यामागचा हिशेब आहे. म्हणूनच मुदत संपल्यावर मायदेशी परतण्याची हमी अर्जासोबत मागितली जाते.

भारतात अशा कोणत्या योजना आहेत?

भारत-आफ्रिका शिखर परिषदांपासून सुरुवात करावी लागेल. पहिली परिषद एप्रिल २००८ मध्ये नवी दिल्लीत, दुसरी मे २०११ मध्ये अदिस अबाबात आणि तिसरी ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा दिल्लीत झाली. तिसऱ्या परिषदेत भारताने पाच वर्षांत ५० हजार शिष्यवृत्त्यांची घोषणा केली. तो आकडा बातम्यांत गाजला, पण त्यातला मोठा भाग पदवी शिक्षणाचा आणि प्रशिक्षणाचा होता.

संशोधनासाठी महत्त्वाची ठरली ती २०१० मध्ये सुरू झालेली 'सी. व्ही. रामन आंतरराष्ट्रीय फेलोशिप'. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा पैसा आणि 'फिक्की' या उद्योग संघटनेची व्यवस्था, अशी तिची रचना. ही फक्त आफ्रिकी देशांतील संशोधकांसाठी आहे आणि तिच्यात तरुण संशोधकांपासून ज्येष्ठ प्राध्यापकांपर्यंत वेगवेगळे गट आहेत.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला अधिक सोयीची आहे ती दुसरी वाट. इटलीतील त्रिएस्ते येथे १९८३ मध्ये पाकिस्तानी नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने विकसनशील देशांसाठी एक विज्ञान अकादमी उभी राहिली. तिचे प्रचलित नाव 'ट्वास'. या अकादमीने भारतातील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद ('सीएसआयआर') आणि जैवतंत्रज्ञान विभागासोबत संयुक्त फेलोशिप सुरू केल्या. त्यांच्या सँडविच प्रकारात सहा महिने ते एक वर्ष भारतात राहता येते. नागपूरची नीरी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादची 'सीसीएमबी' या चारही संस्था 'सीएसआयआर'च्या आहेत. लोणारवर काम करायचे तर यांपैकी कोणतीही उपयोगी पडावी.

तिसरी योजना विकसनशील देशांच्या शास्त्रज्ञांसाठी असलेल्या संशोधन प्रशिक्षणाची. पैसा पुन्हा विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा आणि कारभार दिल्लीतील अलिप्त राष्ट्रांच्या विज्ञान-तंत्रज्ञान केंद्राचा. कृषी क्षेत्रात भारतीय कृषी संशोधन परिषदेची 'नेताजी सुभाष' आंतरराष्ट्रीय फेलोशिप आहे, पण ती पूर्ण पीएचडीसाठी असल्याने इथे फक्त नोंद पुरे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. या सगळ्या योजनांचे अर्ज दर वर्षी, ठरलेल्या तारखेला निघतातच असे नाही. एखाद्या वर्षी जाहिरात येत नाही, तर एखाद्या वर्षी अटी बदलतात. जुने माहितीपत्रक पुढे पाठवणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश भरपूर फिरतात. अर्जदाराने संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची जाहिरात पाहूनच पाऊल उचलावे.

पैसे कशाकशाचे मिळतात?

'ट्वास'सोबतच्या फेलोशिपमध्ये विमानाचे स्वस्त दराचे तिकीट आणि व्हिसा खर्चाला हातभार अकादमी लावते. राहणे, जेवण आणि आरोग्य विम्यासाठीचे मासिक विद्यावेतन भारतीय यजमान देतो. ते रुपयांत मिळते आणि परकीय चलनात बदलून घरी पाठवता येत नाही. पत्नी, पती किंवा मुले सोबत आणायची असतील, तर त्यांचा खर्च स्वतःचा. या काळात दुसरी कोणतीही नोकरी करता येत नाही.

पुणे-हैदराबादच्या मानाने मेहकर किंवा लोणारमध्ये राहणे स्वस्त पडेल, हे उघड आहे. अडचण तिथे नाही. प्रयोगशाळा पुण्यात किंवा नागपुरात आणि सरोवर लोणारला, म्हणजे प्रत्येक फेरीचा खर्च आला. गाडी, मुक्काम आणि नमुने थंड ठेवण्याची बर्फपेटी लागते. विद्यावेतन माणसाच्या पोटापाण्यासाठी असते. या फेऱ्यांचा खर्च यजमान मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून निघाला तर ठीक, नाहीतर विद्यार्थी लोणारला एकदाच येतो आणि त्या एका फेरीच्या बाटल्यांवर सहा महिने काढतो.

मग अडते कुठे?

पहिली अडचण यजमान संस्थेच्या पत्राची. जवळजवळ प्रत्येक योजनेत अर्जासोबत भारतीय संस्थेचे स्वीकृतीपत्र लागते. 'हा विद्यार्थी आमच्याकडे आला तर अमुक मार्गदर्शक त्याला घेईल, प्रयोगशाळा देईल' असे ते पत्र असते. ते कोणी देत नाही, आपण मिळवावे लागते. म्हणजे नैरोबीत बसलेल्या विद्यार्थ्याने शोधनिबंध वाचून, त्यातला ई-मेल पत्ता काढून, ओळखपाळख नसलेल्या प्राध्यापकाला पत्र लिहायचे आणि उत्तराची वाट पाहायची. आपल्याकडच्या मार्गदर्शकांच्या पेटीत अशी 'रिस्पेक्टेड सर' पत्रे रोज पडतात आणि न वाचता पुसली जातात. त्यात खोटी पत्रे असतात, हेही खरे. पण खऱ्या विद्यार्थ्याची ओळख पटवणे अवघड नाही. त्याच्या मार्गदर्शकाचे नाव, नोंदणीचे पत्र आणि एक पानभर नेमका प्रश्न मागितला तरी चित्र स्पष्ट होते. केनियातील जोमो केन्याटा विद्यापीठातील संशोधकांनी मागाडी आणि एल्मेंटाईटा सरोवरांच्या सूक्ष्मजीवांवर काम प्रसिद्ध केलेले आहे. लोणारवर काम करणाऱ्या आपल्या प्राध्यापकांनी ते संदर्भ म्हणून वाचलेलेही असेल. निबंधातून ज्याला ओळखतो, त्याच्या विद्यार्थ्याच्या ई-मेलला उत्तर द्यायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. ती म्हणजे नमुने घेण्याची परवानगी.

लोणारचे पाणी बाटलीत भरण्यासाठी कोणाकोणाला विचारावे लागते?

लोणार २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात शास्त्रीय अभ्यासासाठी जायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ही अट भारतीय विद्यार्थ्यालाही आहे.

परदेशी विद्यार्थ्याला त्यापुढची पायरी आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३ नुसार परदेशी नागरिकाला भारतातील जैविक संसाधन संशोधनासाठी घ्यायचे असेल, तर चेन्नईतील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. पाण्यातील सूक्ष्मजीव हे जैविक संसाधनच. संशोधनाचे निष्कर्ष परदेशी व्यक्तीकडे सोपवायचे किंवा त्यावर पेटंट घ्यायचे, तर त्यासाठीही कायद्यात वेगळी कलमे आहेत. निव्वळ दगडांचा अभ्यास करणारा भूशास्त्राचा विद्यार्थी या कलमातून सुटतो, सूक्ष्मजीवांचा विद्यार्थी अडकतो.

आता वेळेचा हिशेब पाहा. कायद्याखालील २००४ च्या नियमांत अशा अर्जावर शक्यतो सहा महिन्यांत निर्णय घ्यावा, असे म्हटले होते. २०२४ मध्ये नवे नियम आले. पण सहा महिन्यांची फेलोशिप घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने भारतात उतरल्यावर परवानगीचा अर्ज केला, तर काय होईल हे सांगायला नको. विद्यावेतन सुरू, मुदत सुरू आणि बाटली रिकामी.

यातून कायद्यानेच एक वाट ठेवली आहे. दोन देशांतील संस्थांमध्ये संशोधनाचा सहकार्य प्रकल्प असेल, तो केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत असेल आणि त्याला केंद्राची मान्यता असेल, तर कलम ५ नुसार कलम ३ च्या परवानगीतून सूट मिळते. म्हणजे एकट्या विद्यार्थ्याने एकट्याने येण्यापेक्षा दोन संस्थांनी आधी करार करावा आणि त्या कराराखाली विद्यार्थी यावेत, हे सोयीचे. असा करार एकदा झाला की पाठोपाठ चार-पाच विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडू शकतो.

इतके कडक नियम कशासाठी?

हे नियम म्हणजे निव्वळ कागदी घोडे आहेत, असे म्हणणारे संशोधक पुष्कळ भेटतात. त्यांनी केनियाचेच उदाहरण पाहावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सोडा सरोवरांतून परदेशी संशोधकांनी सूक्ष्मजीवांचे नमुने नेले. अल्कधर्मी पाण्यात जगणाऱ्या जिवांची विकरे, म्हणजे एन्झाइम, साबणाच्या पाण्यातही टिकतात. त्यामुळे कपडे धुण्याच्या पावडरीत आणि जीन्सला जुनाट रंग आणण्याच्या उद्योगात त्यांना मोठी मागणी असते. पुढे अशी विकरे बाजारात आली. २००४ मध्ये केनियाच्या वन्यजीव सेवेने, आमच्या सरोवरातल्या जिवावर झालेल्या कमाईत आमचा वाटा कुठे, असा जाहीर दावा केला. नमुने कोणत्या परवानगीने नेले, यावर दोन्ही बाजूंनी वाद झाला.

लोणारच्या पाण्यातही असेच जीव आहेत. सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी लोणारच्या पाण्यातून वेगळा केलेला एक जीवाणू २०१० मध्ये 'इंडिबॅक्टर अल्कलीफिलस' या नावाने जगासमोर आणला. नावातच भारत आणि अल्कप्रेम दोन्ही आहे. त्याच्या उपयोगाचा प्रश्न उद्या आला, तर वाट्याचा प्रश्नही येईल. २०१० मध्येच स्वीकारलेला आणि २०१४ पासून लागू झालेला नागोया करार याच वाटणीसाठी आहे. भारत आणि केनिया दोघेही त्यात आहेत. म्हणूनच नैरोबीच्या विद्यार्थ्याला लोणारमध्ये हा कायदा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. त्याच्या देशात त्याच्यासारख्याच परदेशी विद्यार्थ्याला हेच फॉर्म भरावे लागतात. नियम सैल करण्यापेक्षा अर्ज लवकर करणे आणि निर्णय वेळेत येणे, एवढेच मागणे रास्त आहे.

व्हिसा आणि पोलीस नोंदणीचे काय?

पर्यटक व्हिसावर येऊन प्रयोगशाळेत काम करता येत नाही, संशोधन व्हिसा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या संशोधन व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. आता ती ऑनलाइन होते. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे चालत आले आहे. सहा महिने म्हणजे बरोबर या १८० दिवसांच्या उंबरठ्यावरचा मुक्काम, त्यामुळे व्हिसावरची मुदत नीट पाहावी.

एक बाब लोणार-मेहकरच्या लॉजमालकांनी आणि खोली भाड्याने देणाऱ्यांनी लक्षात ठेवायची. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. हीच नोंद 'सी फॉर्म' नावाने ओळखली जाते. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. पण ते माहीत नसल्याने 'परदेशी नको, भानगड नको' म्हणून खोली नाकारली जाते.

केनिया, इथिओपिया, युगांडा, घाना, नायजेरिया या देशांतून येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते वैध होते. नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावे लागते.

खोली नाकारण्यामागे फक्त फॉर्मची भीती नसते, हेही मान्य करायला हवे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, त्याची बातमी आफ्रिकेतल्या विद्यापीठांपर्यंत पोहोचली आहे. भारतात जायचे का, हे ठरवताना तिथल्या घरांमध्ये तो विषय निघणारच. खरे तर हा मुलूख आफ्रिकी माणसाला अनोळखी नाही. ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला होता.

बुलढाणा जिल्ह्याच्या पदरात काय पडते?

सध्या फारसे नाही, असेच म्हणावे लागेल. सरोवर इथे, पण नमुने जातात पुण्याला, नागपूरला, हैदराबादला. निबंध छापले जातात परदेशी नियतकालिकांत, तेही बऱ्याचदा पैसे भरल्याशिवाय न उघडणारे. लोणारच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला आपल्या गावातल्या जीवाणूचे नाव ठाऊक नसते.

बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. मुख्य यजमान नीरी किंवा आघारकर संस्था असली, तरी विद्यापीठाने सहयजमान व्हायला हरकत नाही. पाहुण्या विद्यार्थ्यासोबत दर फेरीला स्थानिक महाविद्यालयातील दोन विद्यार्थी असावेत, नमुन्यांची एक प्रत आणि मोजमापांची वही विद्यापीठात राहावी, एवढ्या अटी करारात घालता येतात. समृद्धी महामार्गामुळे नागपूर ते मेहकर हे अंतर आता काही तासांवर आले आहे. नागपूरहून पहाटे निघून नमुने घेऊन रात्री परतणे शक्य झाले. गंमत अशी की, याच सोयीमुळे पाहुणा लोणारला मुक्काम करील ही शक्यताही कमी झाली. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. गावपातळीवरील जैवविविधता व्यवस्थापन समित्याही कायद्यात आहेत. परवानगीच्या चर्चेत त्यांना आधीपासून घेतले, तर वाट्याचा प्रश्न निघेल तेव्हा गावाकडे कागद असेल.

फेलोशिप कधी घ्यावी?

हा प्रश्न जाहिरातीत नसतो, पण लोणारच्या बाबतीत तोच कळीचा आहे. उन्हाळ्यात सरोवर आकसते, काठावर खार उमटतो आणि पाणी अधिक खारट होते. २०२० चा गुलाबी रंग पाऊस पडण्यापूर्वीचा होता. पावसाळ्यात धार आणि काठावरचे झरे वाहतात, गोडे पाणी आत येते, पातळी वाढते आणि सूक्ष्मजीवांची वस्ती बदलते. त्यामुळे तीन महिन्यांसाठी आलेल्याला एकच लोणार दिसते. सहा महिन्यांसाठी येणाऱ्याने एप्रिलमध्ये उतरून सप्टेंबरअखेर परतावे, म्हणजे दोन्ही ऋतूंचे नमुने हाती लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल असा मुक्काम हवेच्या दृष्टीने सुखाचा, पण त्यात पावसाळाच हुकतो.

एप्रिलमध्ये उतरायचे तर त्याआधी वन विभागाची परवानगी, जैवविविधता प्राधिकरणाचा निर्णय किंवा कराराची मान्यता, व्हिसा आणि लस, हे सारे हातात हवे. म्हणजे यजमान प्राध्यापकाला पहिला ई-मेल आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेलेला असावा. आणि त्याला दिवाळीच्या आत उत्तर मिळायला हवे.